आरशावरचं हेल्मेट डोक्यावर कसं येईल?

घटस्थापनेच्या आदल्या रात्री तुळजापूरचे रस्ते झोपत नाहीत. गावोगावच्या मंडळांची पोरं आईच्या देवळात ज्योत पेटवतात आणि पळत आपापल्या गावी नेतात. एक जण ज्योत धरून अनवाणी पळत असतो, मागे टेम्पोवर भोंगा आणि संबळ, पुढेमागे मोटारसायकलींचा ताफा. गाड्या नवरीसारख्या सजवलेल्या असतात. हँडलला भगवा झेंडा, टाकीवर 'जगदंब', मडगार्डवर गावाचं नाव, आरशाला गोंडे. पोरांच्या कपाळी मळवट, डोक्याला भगवी पट्टी. हेल्मेट दिसलंच तर ते आरशावर टांगलेलं किंवा कोपरात अडकवलेलं.

गेल्या नवरात्रात नळदुर्ग रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर असाच एक ताफा थांबला. आरशावर हेल्मेट टांगलेल्या एका पोराला मी विचारलं, "बाळा, हे डोक्यावर का नाही?" त्यानं हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं. गाडीबरोबर आलेलं, काळं, कडा खरवडलेल्या, आतलं अस्तर लोंबणारं. "काका, गाडीवर एवढा खर्च केला. ह्यो डबा घालून फोटूत कसं दिसायचं?"

त्याला जीव नको होता असं नाही. त्याला डबा नको होता. हेल्मेटवर बोलताना आपण दंड, कायदा आणि मरणाची भीती या तिघांनाच पुढे करतो, आणि त्या पोराचं म्हणणं पोरकटपणा म्हणून उडवून लावतो. मला ते या सगळ्या प्रश्नाच्या मुळाशी असलेलं म्हणणं वाटतं. रोज अंगावर घालायची वस्तू माणूस आवडीनं निवडतो. चप्पल, घड्याळ, गॉगल, मोबाइलचं कव्हर सगळं पारखून घेतो, आणि जीव वाचवणारी एकच वस्तू आपण त्याच्या हातात सरकारी पोत्यासारखी देतो. हेल्मेटचं रूप हा त्याच्या सुरक्षिततेचाच भाग आहे, हे एकदा मान्य केलं की पुढचे पुष्कळ प्रश्न सरळ होतात.

आधी आकडा बघू. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यांतली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. हेल्मेट नसल्यामुळे गेलेल्यांची संख्या अहवाल ५०,०२९ सांगतो: ३५,६९२ चालवणारे आणि १४,३३७ मागे बसलेले. मागे बसलेल्यांचा आकडा मी मुद्दाम वेगळा देतोय. आपल्याकडे मागच्या सीटवर बहुतेक वेळा बायको असते, आई असते, बहीण असते.

या आकड्यामागे काय घडतं ते मी एकदा हातात धरून पाहिलंय. माझा मावसभाऊ साखर कारखान्याच्या पाळीवरून पहाटे घरी येत होता. येडशीच्या अलीकडे रस्त्यावर सांडलेल्या पाचटावरून गाडी घसरली, आणि डोकं दुभाजकाच्या कडेवर आपटलं. खांदा निखळला. डोक्याला टेंगूळसुद्धा नाही. हेल्मेटवर बाहेरून फक्त वीतभर ओरखडा होता, त्यामुळे तो तेच पुढे वापरणार होता. मी ते मागून घेतलं आणि आतली गादी उपसली. गादीखाली थर्माकोलचा जाड थर होता, आणि ओरखड्याच्या बरोबर मागे त्या थरात अंगठा मावेल एवढा खळगा पडलेला. खळग्याच्या कडेनं केसासारखी बारीक चीर. थर्माकोलचे दाणे चेपून चपटे झाले होते, ते पुन्हा फुगणार नव्हते. त्या हेल्मेटनं आपलं काम एकदाच करायचं होतं, ते केलं होतं. आम्ही करवतीनं ते कापून टाकलं, दुसऱ्या कुणी घालू नये म्हणून.

हे काम नेमकं काय, हे समजून घेण्यासारखं आहे. गाडी ऐंशीच्या वेगात असली तरी पडताना डोकं जमिनीवर आपटतं ते साधारण दीड मीटर उंचीवरून पडल्यासारखं, म्हणजे ताशी वीस किलोमीटरच्या आसपास. समोर काही आडवं आलं नाही, तर बाकीचा वेग फरफटण्यात जातो. पण वीसचा वेगही कवटीला भारी पडतो, कारण डांबरावर डोकं जवळपास जागच्या जागी थांबतं. ते तीन मिलिमीटरमध्ये थांबलं तर गुरुत्वाकर्षणाच्या पाचशे पट झटका बसतो. मधे चेपणारा थर असला आणि थांबायला अडीच सेंटीमीटर मिळाले, तर हाच झटका साठ पटीवर येतो. कवटीच्या आत पाण्यात ठेवल्यासारखा असलेला मेंदू साठ पटीचा झटका सोसतो, पाचशे पटीचा सोसत नाही. सगळं हेल्मेट या दोन-अडीच सेंटीमीटरसाठी असतं. बाहेरचं कवच आघात पसरवतं आणि टोकदार वस्तू आत येऊ देत नाही. थर्माकोल आघात पितो. मऊ गादी हेल्मेट डोक्यावर घट्ट बसवते आणि पट्टा ते उडू देत नाही. पट्टा न लावता घातलेलं हेल्मेट पहिल्या उडीतच डोक्याआधी रस्त्यावर पोचतं.

ही गोष्ट जगाला कळायला वेळ लागला. १९३५च्या मे महिन्यात 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून ओळखला जाणारा टी. ई. लॉरेन्स इंग्लंडमध्ये आपल्या ब्रफ सुपीरियर मोटारसायकलवरून पडला आणि सहा दिवसांनी गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यचिकित्सक होते. एवढा माणूस डोक्याच्या मारानं जातो, हे त्यांच्या मनात घर करून राहिलं. महायुद्धात लष्कराचे निरोपे मोटारसायकलवरून पडून मरत होते. त्यांच्या नोंदी केर्न्स यांनी गोळा केल्या आणि १९४१ मध्ये हेल्मेटच्या उपयोगावर लेख प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ब्रिटिश लष्करानं निरोप्यांना हेल्मेट सक्तीचं केलं. तेव्हाची हेल्मेटं लगद्याची किंवा रबराची असत. चेपून आघात पिणाऱ्या अस्तराची कल्पना पुढे अमेरिकेत चार्ल्स लोंबार्ड यांनी मांडली आणि १९५३ मध्ये तिचं पेटंट घेतलं. १९५४ मध्ये बेल कंपनीचं '५००' हे हेल्मेट आलं आणि साठच्या दशकात त्याच कंपनीचं तोंड झाकणारं 'स्टार'.

जपानच्या आराई कंपनीची गोष्ट मला यात सगळ्यांत आवडते. तिचे संस्थापक मूळचे टोप्या बनवणारे. डोक्याला काय बसतं, काय शोभतं, कुठे टोचतं, हे त्यांना ठाऊक होतं. पन्नासच्या दशकात त्यांनी हेल्मेटं बनवायला घेतली. आजही ही कंपनी कवचाचा आकार अंड्यासारखा गोल आणि गुळगुळीत ठेवण्याचा हट्ट धरते, कारण गोल कवच रस्त्यावर अडकत नाही, घसरत जातं. हेल्मेटच्या पाठीवर माशाच्या कल्ल्यासारखे पंख आणि शिंगं काढण्याची फॅशन आहे, तिच्याशेजारी हे आठवावं. बाहेर आलेला भाग रस्त्यात अडकला तर डोकं झटक्यानं पिळलं जातं, आणि हा पीळ मेंदूला सरळ आघातापेक्षाही वाईट. स्वीडनमध्ये हान्स फॉन होल्स्ट हे मेंदूचे शल्यचिकित्सक आणि पीटर हाल्डिन हे अभियंते यांनी नव्वदच्या दशकात याच पिळावर काम केलं. त्यातून 'मिप्स' आलं: हेल्मेटच्या आत डोक्याभोवती सरकणारा पातळ थर, जो आघाताच्या क्षणी सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर फिरतो आणि पीळ कमी करतो. युरोपच्या २२.०६ या सुधारित मानकात तिरक्या आघाताची चाचणी आली, तीही याच समजुतीतून.

म्हणजे जगातल्या चांगल्या हेल्मेटांचं देखणेपण वरून चिकटवलेलं नसतं. गोलाई, हवेची भोकं, काचेचा कोन, वजनाचा तोल या सगळ्यांना काम आहे, आणि ते काम नीट झालं की वस्तू आपोआप सुंदर दिसते. आपल्या मातीला हा विचार परका नाही. शिवाजी महाराज अफजलखानाला भेटायला गेले, १० नोव्हेंबर १६५९ला, तेव्हा त्यांनी मंदिलाखाली लोखंडी टोप आणि अंगरख्याखाली चिलखत घातलं होतं, असं परंपरेनं सांगितलं जातं. बखरीत खानानं तुळजापूरला उपद्रव दिल्याची कथा येते, त्यामुळे ही भेट आमच्याकडच्या पोरासोरांना तोंडपाठ असते. ऐन जिवावरच्या प्रसंगी राजानं डोक्यावरची शोभाही सोडली नाही आणि लोखंडही सोडलं नाही. टपरीवरच्या त्या पोराला मी हेच सांगितलं, आणि ते त्याला पटलेलं दिसलं.

आता बाजाराकडे येऊ. भारतात हेल्मेटचा धंदा मोठा आहे. स्टीलबर्ड, फरिदाबादची स्टड्स ही नावं सगळ्यांना माहीत. वेगा आपल्या शेजारची, बेळगावची. ऐंशीच्या दशकात सुरू झालेली ही कंपनी आज ॲक्सॉर या नावानं तरुणांसाठी चित्रांची, चकचकीत हेल्मेटं काढते. मराठी मुलखाला लागून असलेल्या गावात बनलेलं देखणं हेल्मेट धाराशिवच्या दुकानात मिळतं, हे मला महत्त्वाचं वाटतं. पाच-सात वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या ठिकाणीसुद्धा दुकानात काळं आणि फार तर लाल मिळायचं. आता परंड्याच्या, कळंबच्या दुकानातही मॅट, ग्राफिकवाली, दोन काचांची हेल्मेटं टांगलेली दिसतात, आणि हजार-बाराशेपासून तीन-चार हजारांपर्यंत बरंच काही मिळतं.

त्याच दुकानाच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला, दोर बांधून दोनशे-तीनशे रुपयांची हेल्मेटंही टांगलेली असतात. ती दिसायला कधी कधी आतल्यापेक्षा झगझगीत. हातात घेऊन आत बोट घाला. पुष्कळदा थर्माकोलच नसतं, पुठ्ठ्यावर फोम चिकटवलेला असतो. पोलिसाला दाखवायला ते पुरतं, रस्त्याला नाही. भारतीय मानक आयएस ४१५१ हे आहे, त्याची सुधारित आवृत्ती २०१५ची. केंद्रानं २६ नोव्हेंबर २०२०ला आदेश काढला आणि १ जून २०२१पासून आयएसआय खुणेशिवाय दुचाकीचं हेल्मेट बनवणं, विकणं बेकायदा ठरलं. २०२५च्या जूनअखेर देशात १७६ उत्पादकांकडे हा परवाना होता, आणि रस्त्यावर २१ कोटींहून जास्त दुचाकी. आयएसआयच्या खुणेचं स्टिकर कुणीही छापू शकतो. म्हणून खुणेच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली 'सीएम/एल'नं सुरू होणारा परवाना क्रमांक बघावा, आणि तो 'बीआयएस केअर' या ॲपमध्ये टाकावा. दुकानात उभ्या उभ्या खरं-खोटं कळतं. मी हे करतो तेव्हा दुकानदार सुरुवातीला नाराज होतो, मग शेजारचं गिऱ्हाईकही मोबाइल काढतं.

महाग घेतलं म्हणजे जास्त सुरक्षित, असंही नाही. ब्रिटनच्या सरकारनं २००७पासून 'शार्प' नावाची योजना चालवली. बाजारातून हेल्मेटं विकत घ्यायची, आपटायची आणि एक ते पाच तारे द्यायचे. त्यात कमी किमतीच्या काही हेल्मेटांना पाच तारे मिळाले आणि कितीतरी महागड्यांना कमी. कार्बन फायबरचं कवच हलकं असतं, कौतुकाचं असतं, पण नीट बसणारं प्रमाणित प्लास्टिकचं हेल्मेट ढिल्या कार्बन फायबरपेक्षा कधीही चांगलं. भुवयांच्या वरून डोक्याचा घेर टेपनं मोजावा. ५८ सेंटीमीटर असेल तर साधारण मीडियम, ६० असेल तर लार्ज. घातल्यावर डोकं हलवलं की गालाची कातडी हेल्मेटबरोबर हलली पाहिजे. आमच्याकडे घरात एकच हेल्मेट सगळे घालतात, बापाच्या मापाचं लेकाच्या डोक्यावर गरगरतं. ही काटकसर महागात पडते.

तोंड झाकणारं घ्यावं की उघडं? तरुणांना उघडं किंवा अर्धं आवडतं. दाढी-मिशी दिसते, गुटखा थुंकता येतो, बोलता येतं. जर्मनीतले डिटमार ओटे यांनी अपघातातली हेल्मेटं तपासून आघात कुठे बसला याचा नकाशा काढला. जवळपास एक तृतीयांश आघात हनुवटीच्या पट्ट्यात होते. डोक्याच्या मध्यावर, जिथे टोपीसारखं अर्धं हेल्मेट बसतं, तिथे फार थोडे. माझं मत स्पष्ट आहे: सोलापूर-धाराशिव-येरमाळ्याच्या महामार्गावर किंवा नळदुर्ग-उमरग्याकडे हैदराबादच्या रस्त्यावर जाणाऱ्यानं पूर्ण तोंडाचंच घ्यावं. गावातल्या गावात ज्याला पंचवीसदा थांबून राम राम घालायचा असतो, त्याला हनुवटी वर उचलता येणारं हेल्मेट सोयीचं, फक्त चालवताना ते खाली पाहिजे.

रंगाबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही, आणि ती फॅशनच्या उलट जाते. आमच्याकडे मॅट काळ्याची लाट आहे. न्यूझीलंडच्या ऑकलंड परिसरात झालेला एक अभ्यास २००४ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. काळ्या हेल्मेटच्या तुलनेत पांढरं हेल्मेट घालणाऱ्यांना इजा होणाऱ्या अपघाताचा धोका २४ टक्के कमी आढळला, आणि चमकणारे किंवा प्रकाश परतवणारे कपडे घालणाऱ्यांना ३७ टक्के कमी. कारण साधं आहे, दुसऱ्याला ते दिसतात. आमच्या जिल्ह्यात हे दुप्पट लागू पडतं. उसाच्या हंगामात रात्री दिवे नसलेल्या ट्रॉल्या, वळणावर बसलेली जनावरं, शेळ्यांचे कळप, या सगळ्यांत काळ्या कपड्यातला, काळ्या हेल्मेटमधला, काळ्या गाडीवरचा पोरगा म्हणजे अंधारातला अंधार. फ्रान्समध्ये हेल्मेटवर पुढे, मागे आणि दोन्ही बाजूंना प्रकाश परतवणारे तुकडे लावण्याचा कायदाच आहे. पांढरं हेल्मेट उन्हातही कमी तापतं.

सजवताना काय टाळायचं तेही सांगतो. स्प्रेनं रंगवू नये. रंगातलं थिनर काही प्लास्टिकला आतून ठिसूळ करतं, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. पेट्रोलच्या बोळ्यानं हेल्मेट पुसायची आमच्याकडे सवय आहे, तीही याच कारणानं वाईट. साबणाचं पाणी पुरतं. भोक पाडून कॅमेरा बसवू नये. शिंगं, शेंडी, लोखंडी काटे चिकटवू नयेत, वर सांगितलेला पीळ आठवावा. इंद्रधनुष्यी आरशाची काच दिवसा छान दिसते, पण रात्री तीच घालून परतायचं असेल तर पारदर्शक काच डिक्कीत हवी, नाहीतर दोन काचांचं हेल्मेट घ्यावं. ओरखडे पडलेली काच बदलावी. समोरच्या गाडीचा दिवा त्या ओरखड्यांत फुटतो आणि समोर नुसतं पांढरं धुकं उरतं.

उन्हाळा हा आमचा खरा अडसर. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो आणि दुपारी हेल्मेट घातलं की डोकं भट्टीत घातल्यासारखं वाटतं, ही तक्रार खोटी नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ते सुरक्षा समितीच्या पुढाकारानं नेमलेल्या तज्ज्ञ समितीनं मार्च २०१८ मध्ये भारतीय हवामानाला साजेशी हलकी हेल्मेटं हवीत, अशी शिफारस केली ती याचसाठी. घेताना पुढे हवा आत घेणारी आणि मागे सोडणारी भोकं आहेत का, ती थर्माकोलमध्ये खोबणीनं जोडलेली आहेत का, ते बघावं. नुसती वरवर कोरलेली खोटी भोकं पुष्कळ असतात. अस्तर काढून धुता येणारं हवं. आत पातळ सुती टोपी किंवा रुमाल घातला तर घाम त्यात मुरतो. धोतर-टोपीवाल्या आजोबांना मी गांधी टोपी खिशात ठेवून हेल्मेट घालताना पाहिलंय आणि उतरल्यावर टोपी काढून झटकून पुन्हा डोक्यावर ठेवतानाही. टोपीचा मान त्यांनी सोडला नाही. जो फेटा सोडत नाही त्याच्यासाठी मात्र आपल्या बाजारात अजून काही नाही.

बायकांसाठीही जवळजवळ काही नाही. गुलाबी रंग लावला की बाईचं हेल्मेट झालं, असा कंपन्यांचा समज दिसतो. बाईची अडचण वेगळी असते. अंबाडा किंवा जाड वेणी मागच्या गादीला अडते, हेल्मेट पुढे सरकतं आणि कपाळावर येतं. स्कार्फ बांधून वर हेल्मेट घातलं की पट्ट्याची क्लिप लागत नाही. कानातलं टोचतं. मानेपाशी वेणीला जागा सोडणारी खाच, गालाच्या गाद्या काढता येण्याची सोय, लहान मापाचं खरंच लहान कवच, हे डिझाइनचं काम आहे आणि त्यात पैसा आहे. धाराशिवात स्कूटीवर शाळेत जाणाऱ्या शिक्षिका, आशाताई, अंगणवाडी सेविका, बँकेतल्या मुली रोज दिसतात. साडीत एका बाजूला पाय टाकून मागे बसणारी बाई तर पडताना सगळ्यांत आधी मागे कलंडते, आणि तिचं डोकं आधी लागतं. तिच्या डोक्यावर पदर असतो.

मुलांबद्दल कायदा स्पष्ट आहे, माहिती मात्र कुणाला नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट लागतं, मागे बसणाऱ्यालाही. १५ फेब्रुवारी २०२२च्या अधिसूचनेनं नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठीही हेल्मेट आणि चालवणाऱ्याला जोडणारा पट्टा सांगितला, वेगाची मर्यादा ताशी ४० किलोमीटर, आणि हे एका वर्षानं लागू झालं. पण टाकीवर बसवलेलं पोर आमच्याकडे अजून कौतुकाचं दृश्य आहे. छोट्या मापाचं आयएसआय हेल्मेट तालुक्याच्या दुकानात मागितलं तर दुकानदार सायकलचं काढून देतो.

मान मोडते, ऐकू येत नाही, केस गळतात, या तक्रारींचं काय? कॉक्रन संस्थेनं जगभरच्या अभ्यासांचा आढावा घेतला, त्यात हेल्मेटमुळे मरणाचा धोका ४२ टक्के आणि डोक्याच्या इजेचा धोका ६९ टक्के कमी होतो, असं निघालं. मानेबद्दल अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी २०११ मध्ये चाळीस हजारांवर अपघात तपासले. हेल्मेट घातलेल्यांत मानेच्या मणक्याची इजा २२ टक्के कमी होती. हॅरी हर्ट यांच्या १९८१च्या अमेरिकी अहवालात नऊशे अपघातांची जागेवर जाऊन तपासणी झाली होती, त्यातही हेल्मेटमुळे दिसलं नाही, ऐकू आलं नाही म्हणून अपघात झाला असं आढळलं नाही. केसांचा प्रश्न मळक्या अस्तराचा आणि घामाचा आहे. अस्तर आठवड्याला धुवावं.

आणि सक्ती? महाराष्ट्रात तिचा इतिहास रुसव्याफुगव्यांचा आहे. २०१६ मध्ये तत्कालीन परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' अशी घोषणा केली, पंपचालकांचा विरोध झाला, ती टिकली नाही. पुण्यात १ जानेवारी २०१९पासून पोलिसांनी कारवाई कडक केली तर सक्तीविरोधी कृती समितीनं मोर्चा काढला. कायदा १९८८चा आहे, कलम १२९. तो नवा नाही, वादही नवा नाही. मी सक्तीच्या बाजूचा आहे, आणि आमच्या जिल्ह्यात तर जास्तच. डोक्याला गंभीर मार लागला की आमच्याकडे अजूनही गाडी सोलापूरकडे किंवा लातूरकडे वळवावी लागते. धाराशिवला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अलीकडेच सुरू झालं, तरी वाशीहून किंवा लोहाऱ्याहून पेशंट निघाला की वाटेतच मोलाचा तास संपतो. पुणेकराला दहा मिनिटांवर मेंदूचा डॉक्टर आहे. आमच्या पोराला हेल्मेट हाच पहिला डॉक्टर. पण दंडाची पावती माणसाला चौकापुरतं हेल्मेट घालायला लावते. चौक ओलांडला की ते पुन्हा आरशावर जातं.

टपरीवरचा तो पोरगा यंदा श्रावणात पुन्हा भेटला, तुळजापुरातल्या एका रेडियमच्या दुकानात. गाड्यांवर नावं, नंबर, वाघ-सिंह कापून चिकटवणारी ही दुकानं आमच्या प्रत्येक तालुक्याला आहेत, आणि त्यांतले कारागीर ब्लेडच्या टोकानं काय काय कोरतात ते बघत राहावं. पोरानं नवीन हेल्मेट घेतलं होतं, पूर्ण तोंडाचं, पांढरं, आयएसआयचं. त्यावर त्याला आईचा मुखवटा पाहिजे होता. कारागीर म्हणाला, "हेल्मेट जमिनीवर ठेवतो आपण. आईला जमिनीवर ठेवतो का?" पोरगा विचारात पडला. मग कारागिरानंच मार्ग काढला. प्रकाश परतवणारा चंदेरी कागद घेतला आणि त्यातून कवड्या कापल्या, आराध्यांच्या गळ्यात असते तशी माळ, एकेक कवडी नखाएवढी, मधली चीर भगव्या रेडियमची. काच, भोकं आणि कडा सोडून ती माळ हेल्मेटच्या पाठीवरून एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत फिरवली. भोक नाही, थिनर नाही, टोक नाही. दुकान बंद व्हायच्या वेळी पोरगा हेल्मेट घालून, पट्ट्याची क्लिप लावून निघाला. घाटाच्या उतारावर त्याच्या मागून एक ट्रॅक्टर येत होता. दिवा पडला तशा कवड्या एकामागून एक उजळल्या, आणि ट्रॅक्टरवाल्यानं वेग कमी केला.